पान कोण आखतं? प्रिंटरची भाषा आणि तिचे घोटाळे

लेझर प्रिंटरच्या यंत्राला एकच गोष्ट कळते: या क्षणी लेझर चालू ठेवायचा की बंद. किरण ड्रमवर, म्हणजे ज्या फिरत्या नळकांड्यावरून शाई कागदावर उतरते त्यावर, या टोकाकडून त्या टोकाकडे ओळ ओढतो, ओळीत ठरलेल्या जागी ठिपका पडतो किंवा पडत नाही, मग पुढची ओळ. अक्षर, चौकट, फोटो, मराठी, इंग्रजी असला भेद त्याच्या गावीही नसतो.

आपल्याकडे मात्र वर्डचं पत्र असतं, कोरलड्रॉमधली लग्नपत्रिका असते, एखादा नकाशा असतो. मधल्या वाटेत या सगळ्याचे ठिपके कुणीतरी करावे लागतात. ते संगणक करतो की प्रिंटर, हा पहिला प्रश्न. छपाईत काही बिघडलं की आधी याचं उत्तर शोधावं, निम्मं निदान तिथेच होतं.

आधी आकडे पाहू, म्हणजे ही सगळी यातायात कशासाठी ते कळेल. ए४ कागद ८.२७ बाय ११.६९ इंचांचा. ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, आडवे ४,९६० आणि उभे ७,०१६ ठिपके होतात. एकूण सुमारे ३ कोटी ४८ लाख. काळ्या-पांढऱ्या छपाईत एका ठिपक्याला एक बिट धरला तर ४.३५ एमबी. रंगीत छपाईत चार शाया, म्हणून १७.४ एमबी. प्रत्येक शाईच्या २५६ छटा ठेवायच्या असतील तर १३९ एमबी. आणि १२०० डीपीआय केलं की हे सगळे आकडे चौपट. एका पानाचे!

त्याऐवजी ‘इथून इथपर्यंत इतक्या जाडीची रेघ, या जागी या फॉन्टमध्ये ही अक्षरं’ असं वर्णन पाठवलं तर साध्या मजकुराचं पान काही केबींत बसतं. अशा वर्णनासाठी ज्या भाषा तयार झाल्या त्यांना पेज डिस्क्रिप्शन लँग्वेज म्हणतात. पोस्टस्क्रिप्ट आणि पीसीएल या त्यातल्या दोन मोठ्या. ते वर्णन वाचून ठिपके बनवणाऱ्या भागाला रिप म्हणतात, म्हणजे रास्टर इमेज प्रोसेसर. ऑफिसच्या प्रिंटरमध्ये रिप आतच असतो. ऑफसेटच्या प्लेट काढणाऱ्या ठिकाणी तो वेगळ्या संगणकावर चालतो.

१९८४ साली आलेल्या एचपीच्या पहिल्या लेझरजेटमध्ये १२८ केबी मेमरी होती. यंत्र ३०० डीपीआयचं, म्हणजे पूर्ण पानाच्या ठिपक्यांना १ एमबीहून थोडी जास्त जागा हवी. ती नव्हती. म्हणून रॉममधल्या (यंत्रात कायमच्या भरलेल्या मेमरीतल्या) किंवा कार्ट्रिजमधल्या तयार अक्षरांचा मजकूर ३०० डीपीआयने निघायचा, पण पानभर चित्र हवं असेल तर ७५ डीपीआयवर उतरावं लागे. पुढच्याच वर्षी अ‍ॅपलने लेझररायटर आणला. त्यात १.५ एमबी मेमरी आणि १२ मेगाहर्ट्झवर चालणारा मोटोरोला ६८००० प्रोसेसर. ज्या मॅकिंतॉशला तो जोडायचा त्यात प्रोसेसर हाच, पण वेग ८ मेगाहर्ट्झच्या आतला. प्रिंटर संगणकापेक्षा हुशार, आणि किंमत ६,९९५ डॉलर. त्या हुशारीवर चालत होतं पोस्टस्क्रिप्ट, जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये काढलेल्या अ‍ॅडोबीची भाषा.

पोस्टस्क्रिप्ट: पान म्हणजे प्रोग्रॅम

पोस्टस्क्रिप्टमध्ये आकडे आधी येतात आणि हुकूम नंतर. मंगल कार्यालयात ताटांची चवड असते तसं: ठेवायचं वरून, उचलायचंही वरूनच. या चवडीला स्टॅक म्हणतात. ‘७२ ७२० मूव्हटू’ असं लिहिलं की ७२ चवडीवर ठेवला जातो, त्यावर ७२०, आणि मग मूव्हटू हा हुकूम येऊन दोन्ही उचलतो व लेखणी त्या बिंदूवर नेतो. मोजमाप इंचाच्या ७२व्या भागात, आणि उगम पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. म्हणजे आपली लेखणी डावीकडून १ इंच आणि खालून १० इंचांवर उभी राहिली. या मापात ए४ पान ५९५ बाय ८४२ आहे. मजकूर गोल कंसात लिहून पुढे ‘शो’ म्हटलं की अक्षरं काढली जातात. आणि शेवटी ‘शोपेज’ आल्याशिवाय कागद बाहेर पडत नाही.

या ७२ आणि ७२० मध्ये ठिपक्यांचा उल्लेख कुठेच नाही, हे लक्षात घ्या. त्यांचं ठिपक्यांत रूपांतर प्रिंटर स्वतःच्या क्षमतेनुसार करतो. म्हणून तीच फाइल टेबलावरच्या ६०० डीपीआय यंत्रावरही निघते आणि ऑफसेटची प्लेट काढणाऱ्या २४०० डीपीआयच्या प्लेटसेटरवरही. टेबलावर प्रूफ काढायचं आणि तीच फाइल प्लेटला पाठवायची, हे डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं जुळवण्याचं, सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे.

पण प्रोग्रॅम म्हटला की प्रोग्रॅमचे रोगही आले. चवडीवर आकडे दोन हवेत आणि आहे एकच, तर ‘स्टॅक अंडरफ्लो’. न शिकवलेला हुकूम आला तर ‘अनडिफाइन्ड’. मेमरी संपली तर ‘व्हीएम एरर’. आकार फार गुंतागुंतीचा असेल तर ‘लिमिटचेक’. पोस्टस्क्रिप्टच्या पहिल्या पातळीत एका आकाराला साधारण १,५०० बिंदूंची मर्यादा होती. १९९१ च्या दुसऱ्या पातळीत ती ठरावीक मर्यादा गेली आणि हिशोब मेमरीवर आला. कुठलीही चूक झाली की प्रिंटर त्या कामाचा उरलेला भाग गिळून टाकतो. दिवा लुकलुकतो, थांबतो, आणि कागद येत नाही. दुकानात ‘डेटा जातोय पण प्रिंट येत नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

इलाज सोपा आहे आणि तो फार थोडे लोक वापरतात. प्रिंटरच्या मेनूमध्ये ‘प्रिंट पीएस एरर्स’ असा पर्याय असतो, तो चालू करा. ड्रायव्हर म्हणजे संगणकावरचा, पान प्रिंटरच्या भाषेत लिहिणारा प्रोग्रॅम. विंडोजच्या पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हरमध्येही अ‍ॅडव्हान्स्ड भागात ‘सेंड पोस्टस्क्रिप्ट एरर हँडलर’ असतं, ते ‘येस’ ठेवा. मग गप्प बसण्याऐवजी प्रिंटर चुकीचं नाव आणि जिथे अडलं तो हुकूम छापून देतो. लिमिटचेक किंवा व्हीएम एरर दिसला तर पान जड आहे. अनडिफाइन्ड दिसला आणि अडलेला हुकूम म्हणजे निरर्थक अक्षरं असतील, तर डेटा वाटेत खराब झाला आहे किंवा सुरुवातीचा भाग तुटला आहे.

सुरुवातीचा भाग म्हणजे प्रोलॉग. ड्रायव्हर आधी स्वतःचे छोटे हुकूम प्रिंटरला शिकवतो आणि पुढची सगळी पानं त्या हुकुमांत लिहितो. त्यामुळे पोस्टस्क्रिप्ट फाइल मधूनच कापून फक्त ४० वं पान पाठवलं तर ते कळत नाही. भाषेत लूप आणि अटी असल्यामुळे एखादं पान किती वेळ घेईल हेही आधी सांगता येत नाही. दोन ओळींची फाइल प्रिंटरला कायमची फिरवत ठेवू शकते.

पीसीएल आणि पीजेएल

एचपीची पीसीएल वेगळ्या वळणाची. तिच्यात मजकूर सरळ वाहत येतो आणि मधे मधे एस्केप हे २७ क्रमांकाचं अदृश्य चिन्ह येतं. त्याच्या पुढची दोन-चार चिन्हं म्हणजे हुकूम. एस्केपनंतर ई आला की प्रिंटर मूळ स्थितीत. एस्केप, ‘अँड’चं चिन्ह, एल, २६, ए असं आलं की कागद ए४. प्रोग्रॅम चालवायचा नसल्याने प्रिंटरवर बोजा कमी. १९९० च्या लेझरजेट ३ बरोबर आलेल्या पीसीएल ५ मध्ये लहानमोठे होणारे फॉन्ट आणि रेखाचित्रं आली. पुढे पीसीएल ६ ने जुना साचा सोडून विंडोज ज्या पद्धतीने पान आखतं तिच्या जवळची, बायनरी रचना घेतली. रोजची पत्रं, बिलं, तक्ते यांसाठी पीसीएल ६ चा ड्रायव्हर बहुतेक वेळा वेगवान पडतो. छपाईला जाणारी कलाकृती किंवा ईपीएस (पोस्टस्क्रिप्टमध्येच लिहिलेली) चित्रं असलेलं काम असेल तर मी पोस्टस्क्रिप्टच घ्यायला सांगेन.

दोन्ही भाषा येणाऱ्या प्रिंटरला ‘आता कुठली?’ हे कळावं म्हणून कामाभोवती पीजेएल नावाचं वेष्टण असतं. एस्केप, टक्क्याचं चिन्ह, उणे, १२३४५ आणि एक्स अशा क्रमाने सुरुवात होते, मग कोणत्या भाषेत शिरायचं तो हुकूम, मग खरी फाइल. वेष्टण नसेल तर प्रिंटर पहिली अक्षरं पाहून अंदाज बांधतो. टक्का आणि उद्गारचिन्ह दिसलं की पोस्टस्क्रिप्ट.

हा अंदाज चुकला की काय होतं ते अनेकांनी पाहिलेलं असतं: ट्रेमधला अख्खा कागद संपेपर्यंत पानामागून पान बाहेर येतं, प्रत्येकावर इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या ओळी. पहिल्या पानावर टक्का-उद्गारचिन्ह-पीएस दिसत असेल तर पोस्टस्क्रिप्टचा ड्रायव्हर आणि फक्त पीसीएल कळणारा प्रिंटर अशी जोडी लागली आहे, किंवा प्रिंटरच्या मेनूत भाषा ‘ऑटो’ऐवजी पीसीएलवर कायम केलेली आहे. एकेका पानावर एक-दोन ओळीच विचित्र चिन्हं येत असतील तर बायनरी डेटा साधा मजकूर समजून छापला जातोय. अशा वेळी आधी ट्रे ओढून काढा, मग संगणकावरची रांग रिकामी करा, मग प्रिंटर बंद करून चालू. क्रम उलटा केला तर तेच काम पुन्हा येतं.

ठिपके आधीच तयार करून येणारे

भारतात डीटीपीच्या दुकानांत आणि लहान ऑफिसांत वर्षानुवर्षं दिसलेले कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२० हे यातल्या कुठल्याच गटात बसत नाहीत. दोघांनाही पोस्टस्क्रिप्ट कळत नाही, पीसीएलही नाही. दोन्हींत मेमरी अवघी २ एमबी. सगळे ठिपके संगणक तयार करतो, दाबून लहान करतो आणि कंपनीच्या खासगी पद्धतीने पाठवतो. प्रिंटर ते उलगडून लेझरला देतो. म्हणून ते स्वस्त मिळाले. याची किंमत वेगळीकडे मोजावी लागते: कंपनीने नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर दिला नाही तर यंत्र धडधाकट असूनही निकामी. १०२० ला तर वीज गेली की स्वतःचं फर्मवेअरही, म्हणजे यंत्र चालवणारा आतला प्रोग्रॅमही, आठवत नाही. दर वेळी चालू केल्यावर संगणक ते नव्याने पाठवतो. हा प्रिंटर राउटरच्या यूएसबीला लावून चालत नाही त्याचं एक कारण हे.

गंमत अशी की फोनवरून होणारी छपाईही बरीचशी याच वाटेने जाते. एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअरमध्ये फोन पान स्वतः आखतो आणि ठिपके किंवा पीडीएफ पाठवतो. फरक एवढाच की इथली पद्धत उघड आणि ठरलेली आहे, त्यामुळे कंपनीच्या ड्रायव्हरची गरज उरत नाही.

पीडीएफ हा पोस्टस्क्रिप्टचाच १९९३ मधला वारस. आखणीचे हुकूम ठेवले, पण लूप आणि अटी काढून टाकल्या, त्यामुळे कुठलंही पान स्वतंत्रपणे काढता येतं. कोणती वस्तू फाइलमध्ये कुठे आहे याची सूची मात्र शेवटी असते. परिणामी पीडीएफ थेट वाचणाऱ्या प्रिंटरला सहसा पूर्ण फाइल साठवून मगच पहिलं पान सुरू करता येतं. पेनड्राइव्हवरून ३०० पानी पीडीएफ छापताना सुरुवातीला प्रिंटर गप्प राहतो तो यासाठी.

रिपच्या आत

वर्णन आलं की रिप लगेच ठिपके काढायला बसत नाही. आधी हुकूम वाचून वस्तूंची यादी करतो: हा आकार, हा रंग, या जागी, याच्या वर तो. मग पान आडव्या पट्ट्यांत कापतो आणि एकेका पट्टीचे ठिपके तयार करून इंजिनकडे, म्हणजे लेझर आणि कागद हलवणाऱ्या भागाकडे, देतो. पूर्ण पानाइतकी मेमरी नसली तरी काम निभतं ते या पट्ट्यांमुळे. अडचण अशी की कागद एकदा ड्रमखाली गेला की थांबवता येत नाही. मिनिटाला २० पानांचं यंत्र असेल तर पानाला ३ सेकंद, आणि पुढची पट्टी वेळेत तयार हवीच. नकाशासारखं दाट रेघांचं पान असलं की एखाद्या पट्टीला वेळ लागतो, इंजिन पुढे निघून जातं आणि पान अर्धवट येतं. एचपीच्या यंत्रांवर ‘२१ पेज टू कॉम्प्लेक्स’ असा संदेश येतो तो हाच. ‘२० इनसफिशियंट मेमरी’ हा वेगळा. तिथे यादीच मावलेली नसते. २१ ला पान सोपं करणं किंवा रिझोल्यूशन उतरवणं कामी येतं. २० ला मेमरी वाढवणं किंवा प्रिंटरमध्ये साठवलेले फॉन्ट काढून टाकणं.

शेवटची पायरी छटांची. लेझरला करडा रंग माहीत नाही, म्हणून रिप ठिपक्यांचे चौकोन करून त्यात कमी-जास्त ठिपके भरतो. ६०० डीपीआयवर इंचाला ७५ ओळींची जाळी घेतली तर एका चौकोनात ८ बाय ८, म्हणजे ६४ ठिपके आणि कोरा धरून ६५ छटा. जाळी बारीक करून १५० केली तर ४ बाय ४, फक्त १७ छटा, आणि आकाशाच्या फोटोत पायऱ्या दिसू लागतात. २४०० डीपीआयवर मात्र १५० ओळींनाही १६ बाय १६ मिळतात, २५७ छटा. काही प्रिंटर एका ठिपक्याच्या आत लेझरचा वेळ कमी-जास्त करून यापेक्षा जास्त छटा काढतात, पण मूळ हिशोब हाच. स्क्रीन प्रिंटिंगसाठी बटर पेपरवर पॉझिटिव्ह काढणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. ड्रायव्हरमध्ये जाळी बदलता येत नसेल तर पीसीएलऐवजी पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर लावून पाहावा, कारण पोस्टस्क्रिप्ट फाइल स्वतःची जाळी आणि कोन सोबत नेऊ शकते.

याच गणितातली एक जुनी फसगत म्हणजे ‘हेअरलाइन’. पोस्टस्क्रिप्टमध्ये शून्य जाडीची रेघ म्हणजे ‘यंत्राला जमेल तेवढी बारीक’. ६०० डीपीआयच्या प्रूफवर ती ०.०४२ मिलिमीटरची आणि छान दिसते. २४०० डीपीआयच्या प्लेटवर तीच ०.०१ मिलिमीटर होते आणि छपाईत गायब. चौकटींना ०.२५ पॉइंट (पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग) तरी जाडी द्या.

मराठी मजकुराचं काय होतं

प्रिंटरला देवनागरी येत नाही, आणि येण्याची गरजही नाही. ‘कि’ टाइप करताना आधी क साठतो, मग वेलांटी. कागदावर वेलांटी आधी दिसली पाहिजे. ‘स्त्री’मध्ये स, हलन्त, त, हलन्त, र आणि ईकार एवढं सगळं मिळून एक-दोन आकृत्या होतात. हे जोडकाम संगणकावरच, अ‍ॅप्लिकेशन किंवा ऑपरेटिंग सिस्टिम करते. प्रिंटरला पुढे जातं ते फक्त ‘या फॉन्टमधली अमुक क्रमांकाची आकृती, अमुक जागी’. तो क्रमांक त्या फॉन्टपुरताच खरा. फॉन्ट सोबत गेला नाही, किंवा प्रिंटरने त्याच्या जागी दुसरा घेतला, तर क्रमांक तेच राहतात पण आकृत्या भलत्याच येतात किंवा चौकोन येतात.

यावरून बिघाड कुठे आहे ते बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. पडद्यावरच हलन्त सुटा दिसतोय किंवा वेलांटी मागे पडलीय, तर दोष अ‍ॅप्लिकेशनचा. इनडिझाइनमध्ये असं दिसलं तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावलेला नाही. पेजमेकरला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, कळतच नाही, तिथे मंगल किंवा दुसरा युनिकोड फॉन्ट लावून उपयोग नाही. पडद्यावर बरोबर आणि पीडीएफमध्ये चूक असेल तर फॉन्ट एम्बेड झालेला नाही, म्हणजे फाइलच्या आत सोबत भरला गेलेला नाही. रीडरमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट्स असं जाऊन पाहा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ हवं. पीडीएफमध्येही बरोबर आणि फक्त कागदावर चूक, तर ड्रायव्हर फॉन्टचं जे रूपांतर करतो ते बिघडतंय. पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हरमध्ये ट्रूटाइप फॉन्टपुढे ‘डाउनलोड अ‍ॅज सॉफ्टफॉन्ट’ निवडा, म्हणजे प्रिंटर स्वतःचा फॉन्ट बदली घेणार नाही. पीसीएलमध्ये ‘सेंड ट्रूटाइप अ‍ॅज बिटमॅप’ किंवा ‘प्रिंट ऑल टेक्स्ट अ‍ॅज ग्राफिक्स’ असे पर्याय असतात.

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीसारखे जुने फॉन्ट वेगळ्या तऱ्हेने चालतात. त्यांत देवनागरी आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेल्या असतात. फाइलमध्ये साठतात ती इंग्रजी अक्षरं. मराठी दिसतं ते फॉन्टमुळे. पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरला हवा तो फॉन्ट सापडला नाही की तो बहुधा कुरियर घेतो. म्हणून मथळ्याच्या जागी टाइपरायटरसारखी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटली, तर डेटा शाबूत आहे, फक्त फॉन्ट गेलेला नाही.

या सगळ्या कटकटीवर आपल्या प्रेसवाल्यांनी काढलेला तोडगा म्हणजे ‘फाइल कर्व्ह करून आणा’. अक्षरांचे आकार केले की फॉन्टचा प्रश्नच उरत नाही. तोडगा खात्रीचा आहे, पण फुकट नाही. पोस्टस्क्रिप्टच्या नियमाप्रमाणे आकाराची कड ज्या ठिपक्याला जराशी जरी शिवली तो ठिपका भरला जातो. फॉन्टमधल्या अक्षरांना मात्र वेगळा, काटेकोर नियम आणि बारीक आकारासाठी हिंटिंगच्या, म्हणजे अक्षर ठिपक्यांवर नीट बसवण्याच्या, सूचना असतात. कर्व्ह केल्यावर हे दोन्ही जातं. ६०० डीपीआयवर ८ पॉइंटचा मजकूर त्यामुळे जाड होतो, अनुस्वार आणि मात्रांमधली पोकळी बुजते. २४०० च्या प्लेटवर फरक जाणवत नाही. तेव्हा पत्रिका, जाहिरात, मुखपृष्ठ खुशाल कर्व्ह करा. २०० पानांचं पुस्तक करू नका. ते फॉन्ट एम्बेड केलेल्या पीडीएफने पाठवा. कर्व्ह करण्याआधीची मूळ फाइल वेगळी जपा, कारण नंतर शुद्धलेखनाची चूक सुधारता येत नाही.

पारदर्शकता

पोस्टस्क्रिप्टच्या आखणीत वरची वस्तू खालचीला पूर्ण झाकते. अर्धपारदर्शक असं काही नाही. पीडीएफमध्ये ती सोय २००१ मध्ये १.४ आवृत्तीबरोबर आली. त्यामुळे सावली किंवा धूसर कड असलेली पीडीएफ पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हरने पाठवली की आधी तिचं सपाटीकरण होतं: एकमेकांवर आलेले भाग तुकड्यांत कापले जातात, काही भागांचे ठिपके होतात. तुकड्यांच्या सांध्यावर केसासारख्या पांढऱ्या रेघा दिसतात आणि सावलीखाली आलेला मजकूर आजूबाजूच्या मजकुरापेक्षा जाड वाटतो. पडद्यावर मोठं करून पाहिल्यावर त्या रेघांची जाडी बदलत नसेल तर त्या सहसा फक्त दाखवण्याच्या असतात, प्लेटवर येत नाहीत. मजकूर मात्र खरंच बिघडतो, म्हणून मांडणी करतानाच तो सावलीच्या वरच्या थरात ठेवावा. रिप नवा असेल तर पारदर्शकता जशीच्या तशी ठेवून पीडीएफ द्यावी, सपाट करू नये.

अडलेलं काम सोडवताना

पहिलं काम प्रिंटरचं कॉन्फिगरेशन पान काढणं. त्यावर कोणत्या भाषा येतात आणि मेमरी किती ते लिहिलेलं असतं. हे पानही नीट निघालं नाही तर दोष यंत्रात आहे, फाइलमध्ये शोधू नका. ते निघालं तर दुसऱ्या प्रोग्रॅममधून एका ओळीचं पान पाठवा. तेही आलं तर अडचण त्या फाइलपुरती. मग पानं अर्धी अर्धी करून पाठवत जा. ६४ पानी फाइलमधलं दोषी पान सहा वेळा विभागून सापडतं.

दोषी पानासाठी अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या छपाई खिडकीतल्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ आहे. यात ठिपके संगणक करतो आणि प्रिंटरच्या दुभाष्याला, म्हणजे पानाचं वर्णन वाचणाऱ्या भागाला, कामच उरत नाही. पान हळू जाईल आणि बारीक अक्षरांची धार थोडी बोथट होईल, म्हणून ते त्या एका पानापुरतंच वापरा. यानेही चूक राहिली तर दोष पीडीएफमध्येच आहे. पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर असेल तर ‘ऑप्टिमाइज फॉर स्पीड’ऐवजी ‘पोर्टेबिलिटी’ निवडूनही बरीच कामं सुटतात, कारण मग प्रत्येक पान मागच्या पानावर कमी अवलंबून राहतं.

रांगेतलं काम ‘डिलीटिंग’वर अडकून बसलं असेल तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) थांबवा, विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या स्पूलच्या आत प्रिंटर्स नावाचं फोल्डर आहे ते आतून रिकामं करा आणि स्पूलर पुन्हा चालू करा. त्या फोल्डरमध्ये एकेका कामाच्या दोन फाइल असतात, एक डेटाची आणि एक माहितीची, दोन्ही काढा.

आणि एचपीवर ‘७९’ची सर्व्हिस एरर वारंवार येत असेल तर लगेच फॉर्मॅटर बोर्ड, म्हणजे ज्यावर रिप चालतो तो सर्किट बोर्ड, बदलायला जाऊ नका. नेटवर्कची केबल किंवा यूएसबी काढा आणि प्रिंटर एकटाच चालू करा. शांतपणे ‘रेडी’वर आला तर एखादं काम त्याच्या दुभाष्याला पाडतंय, आणि रांगेत असल्यामुळे तेच काम दर वेळी परत येतंय. सगळ्या संगणकांवरच्या रांगा रिकाम्या करा, मगच केबल लावा, आणि फर्मवेअर नवं आहे का ते पाहा. केबल काढूनही ७९ आली तर बोर्ड, मेमरी किंवा बसवलेलं जादा कार्ड यांच्याकडे वळा.